प्लग-इन हायब्रिड : ते ४२ मैल नक्की कुणाला मिळतात?

ओकट्रीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, गाड्यांवरचा धागा बऱ्याच दिवसांत आला नाही म्हणून मीच काढतोय. आमच्याकडे २०२१ ची रॅव्ह-फोर प्राईम आहे, प्लग-इन हायब्रिड, म्हणजे आधी बॅटरीवर पळते आणि बॅटरी संपली की गॅसवर. बॅटरी १८.१ किलोवॅट-अवरची, ईपीएचा (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) आकडा ४२ मैल. उन्हाळ्यात कधीकधी ४६ सुद्धा मिळाले तेव्हा मी जाम खूश होतो, ऑफिसात लोकांना बोलावून डॅशबोर्ड दाखवायचो. आता जानेवारीत सकाळी प्लग काढला की ३३ दाखवतंय आणि प्रत्यक्षात २६-२७ ला इंजिन सुरू होतं. मी रोज न्यू जर्सीत एडिसन ते पार्सिपनी, २८७ हायवेवरून, एका बाजूला साधारण ३० मैल. ऑफिसात चार्जर नाही. घरी गराजमधल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर लावतो.

गंमत म्हणजे बायकोने आठवडाभर गाडी वापरली की सोमवारी सकाळी ३९-४० दाखवते आणि मी दोन दिवस चालवली की परत ३३. गाडी तीच, बॅटरी तीच, थंडी पण तीच, मग माझ्यावरच डूख का? बॅटरी खराब होतेय का? कुणाकुणाला काय अनुभव, जास्तीत जास्त मैल कसे काढता ते लिहा.

---

शेंगदाणा

बायकोला विचारा ना, ती कशी चालवते. धागा संपला.

---

मी_बोरिवलीकर

गॅसवर म्हणजे एलपीजी का हो?

---

ओकट्रीकर

@बोरिवलीकर गॅस म्हणजे पेट्रोल :) २० वर्षांत जीभ वळली इकडे.

@शेंगदाणा विचारलं. "मी फक्त चालवते, तू परीक्षा दिल्यासारखी चालवतोस" असं उत्तर मिळालं.

---

व्होल्टबहाद्दर

बॅटरीला काही झालेलं नाही, निवांत राहा. सकाळी दिसतो तो आकडा म्हणजे बॅटरीत किती वीज आहे ते मोजमाप नाहीये, गेल्या काही दिवसांत गाडी कशी चालली त्यावरून काढलेला अंदाज आहे. वहिनी ओक ट्री रोडवर भाजी, मुलांचे क्लास, देऊळ असं २५-३० च्या स्पीडने करत असणार, दर सिग्नलला ब्रेकमधून थोडी वीज परत मिळते. तुम्ही २८७ वर ७५ ने जाणार. गाडी दोघांचं मागचं प्रगतिपुस्तक बघून आकडा सांगते. बाकी काही नाही.

मी २०१७ ची शेवरले व्होल्ट चालवतो, १८.४ ची बॅटरी, ईपीए ५३ मैल. २०१९ ला बंद केली ती गाडी, अजून जीव तुटतो. त्यात उन्हाळ्यात मी ६० च्या वर गेलोय आणि थंडीत ३८ वर आलोय, म्हणजे तुमचं जे होतंय ते सगळ्यांचंच होतंय.

स्पीड हा सगळ्यात मोठा राक्षस. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, ६५ चे ७५ केले की अडथळा ३३ टक्क्यांनी वाढला. आणि तुमची गाडी एसयूव्ही, म्हणजे कपाटाला चाकं लावल्यासारखी. वर रूफ बॉक्स वगैरे आहे का? स्कीइंगचा?

---

ओकट्रीकर

रूफ बॉक्स नाही पण क्रॉसबार आहेत, पोकोनोजच्या डोंगरात गेलो होतो तेव्हा लावलेले. गेल्या वर्षी. :(

---

व्होल्टबहाद्दर

आजच काढा. नुसत्या बारचा फार नसेल पण फुकटचा तोटा कशाला. मोठा बॉक्स असेल तर हायवेवर ६५-७५ ला १० ते २५ टक्के जातात, हे अमेरिकन सरकारच्या फ्युएल इकॉनॉमीच्या साईटवरच आहे. टायरचं प्रेशर पण बघा, दर १० डिग्री फॅरनहाइट उतरलं की साधारण १ पीएसआय जातं, ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत कमीच असणार. त्याने फार काही नाही, पीएसआयमागे ०.२ टक्के वगैरे, पण टायर तरी नीट झिजतील.

---

घाटवाला

पुण्याहून. माझ्याकडे प्लग-इन नाही, पूर्ण ईव्ही आहे, ३०.२ ची बॅटरी, तरी नाक खुपसतो. वाई ते पाचगणी पसरणी घाट चढताना टक्के डोळ्यादेखत पडतात, पोटात गोळा येतो, आणि उतरताना ३ टक्के परत येतात, तेव्हा बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. तुमच्यात ते 'बी' असतं ना गिअरच्या जागी, ते कायम लावून ठेवा, पाय उचलला की वीज बनते. फुकटची कमाई.

---

हिशोबी

@घाटवाला फुकट काही नसतं हो. आधी तुम्ही वीज खर्चून गाडीला वेग दिला, मग ब्रेकमधून त्यातली थोडी परत घेतली, जाताना आणि येताना दोन्हीकडे दलाली कापली गेली. त्यापेक्षा लांबवर लाल सिग्नल दिसला की हलकेच पाय काढून गाडी तशीच वाहू द्यायची, ते जास्त फायद्याचं. 'बी' उतारावर ठीक, सपाट हायवेवर नको.

---

जुनाखोंड

हे वाचून आमचे तीर्थरूप आठवले. बजाज चेतक, साताऱ्याला राहायचो, उतार लागला की स्कूटर बंद, न्यूट्रल, आणि मागे बसलेली आई म्हणायची अहो ब्रेक लागेल ना. पेट्रोल संपलं की स्कूटर डावीकडे झोपवायची, मग परत दोन किलोमीटर. तेव्हा याला रेंज वाढवणे म्हणत नव्हते, पगार पुरवणे म्हणायचे.

---

शेंगदाणा

+१. आमच्याकडे चोक ओढून ठेवल्याबद्दल मार खाल्लाय मी.

---

व्होल्टबहाद्दर

@जुनाखोंड मस्त! पण कुणी हायब्रिडला हे करू नका. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला टाकलं की बॅटरी चार्जच होत नाही, म्हणजे बाबांच्या ट्रिकचा उलटा परिणाम.

---

बर्फाळ

शिकागो. इथे सगळे स्पीडवर बोलतायत, जानेवारीत खरा खाऊ म्हणजे हीटर. साध्या रेझिस्टन्स हीटरला तीन-चार-पाच किलोवॅट सहज लागतात, म्हणजे सिग्नलला उभे असलात तरी बॅटरी वाहतेच आहे. रॅव्ह-फोर प्राईमला हीट पंप आहे, तो बाहेरच्या हवेतली ऊब आत ओढतो म्हणून कमी खातो, तुम्ही नशीबवान. पण तोही शून्याखाली १० सेल्सिअसला (तुमच्या भाषेत १४ फॅरनहाइट) हात टेकतो आणि मग गरम हवा हवी असेल तर इंजिन सुरू होतं.

आमच्या घरी एका दुसऱ्या कंपनीची प्लग-इन व्हॅन आहे, नाव घेत नाही. ती विकताना सेल्समन म्हणाला रोजचं सगळं विजेवर होईल. पहिल्या डिसेंबरात मुलांना शाळेत सोडायला निघालो, दीड मैल, हीटर लावला की घर्रर्र. बॅटरी फुल, शाळा दीड मैल, आणि इंजिन चालू. एकदा सुरू झालं की गरम होईपर्यंत थांबत नाही, तोवर शाळा येते. परत येताना तेच. सबंध हिवाळा मी थंड इंजिनावर दीड-दीड मैल गाडी चालवली, जे इंजिनाला सगळ्यात वाईट. बायकोने मग शेवटी रजई ठेवली गाडीत. सोलापुरी चादर. अजून आहे.

---

रमाकाकू

सोलापुरी चादरीची बातच और. आमच्याकडे ३० वर्षं जुनी आहे, रंग गेला नाही.

गाडीतलं मला कळत नाही पण सीट गरम करायचं बटण असतं ना ते लावा आणि हवा कमी ठेवा, आमचा मुलगा तेच सांगतो.

---

बर्फाळ

काकू एकदम बरोबर! सीट आणि स्टिअरिंगचं हीटिंग मिळून शे-दीडशे वॅटचा कारभार, अंगाला थेट ऊब. सबंध गाडीतली हवा तापवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

---

ओकट्रीकर

थांबा थांबा. @बर्फाळ, तुमच्या घर्रर्रवरून आठवलं. माझ्याकडे पण काही सकाळी बॅटरी फुल असताना इंजिन आपोआप सुरू होतं, बाहेर ३०-३५ फॅरनहाइट असताना, म्हणजे १४ च्या बरंच वर. मला वाटलं सेन्सर बिघडला. डीलरकडे अपॉइंटमेंट घेतलीये गुरुवारची.

---

कोपऱ्यातला_मेकॅनिक

काचेवरचं धुकं घालवायचं बटण दाबता का सकाळी? समोरच्या काचेचं, डीफ्रॉस्टचं?

---

ओकट्रीकर

हो, रोज. काच धुरकट असते.

---

कोपऱ्यातला_मेकॅनिक

मग अपॉइंटमेंट रद्द करा. ते बटण दाबलं की ती गाडी इंजिन सुरू करते, काच पटकन साफ व्हायला भरपूर उष्णता लागते म्हणून. बिघाड नाहीये. प्लग लावलेला असतानाच निघायच्या १०-१५ मिनिटं आधी ॲपवरून किंवा किल्लीवरून हवा चालू करा, गाडी आतून गरम होते, काच साफ होते, आणि ती वीज मुख्यतः भिंतीतून येते. १२० व्होल्टचा प्लग जेमतेम १.४ किलोवॅट देतो त्यामुळे थोडी बॅटरीतूनही जाईल, पण फुल चार्जनंतर १० मिनिटांचा तोटा नगण्य. निघाल्यावर हवेची दिशा पायाकडे आणि काचेकडे अशी मिश्र ठेवा, ते मोठं डीफ्रॉस्टचं बटण दाबू नका. अर्थात काच दिसत नसेल तर मुकाट्याने दाबा, दोन मैलांसाठी कुणाला ठोकू नका.

---

ओकट्रीकर

अरे देवा. दोन महिने मी स्वतःच इंजिन सुरू करत होतो.

---

शेंगदाणा

आणि वहिनी?

---

ओकट्रीकर

विचारलं. ती काच फडक्याने पुसते.

---

टेस्लाप्रेमी

एवढा सगळा उपद्व्याप करण्यापेक्षा सरळ ईव्ही घ्या की राव. दोन इंजिनं, दोन मेंटेनन्स, आणि ४० मैलांसाठी धागा. ना घर का ना घाट का.

---

व्होल्टबहाद्दर

आलात का. वाटच बघत होतो.

---

मी_बोरिवलीकर

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. इकडे इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड घेतलीये माझ्या साडूने, ती प्लगला कुठे लावायची विचारत होतो तर तो हसला.

---

कोपऱ्यातला_मेकॅनिक

@बोरिवलीकर ती स्ट्राँग हायब्रिड, तिला प्लगच नसतो. बॅटरी अगदी छोटी, ब्रेकमधून आणि इंजिनातून भरते, किलोमीटर-दोन किलोमीटर विजेवर जाते आणि परत इंजिन. प्लग-इन म्हणजे बॅटरी मोठी आणि ती भिंतीतून भरायची. भारतात प्लग-इन मिळाल्या त्या व्होल्वो एक्ससी नाइन्टी टी-एटसारख्या महागड्याच, आपल्या गल्लीत दिसणार नाही.

---

थेम्सकाठी

इंग्लंडमधून. इकडे वेगळाच तमाशा. कंपनीची गाडी घेतली की त्यावर टॅक्स लागतो आणि प्लग-इनचा टॅक्स तिच्या इलेक्ट्रिक रेंजवर ठरतो. २०२४-२५ ला ३० मैलांच्या आत रेंज असेल तर गाडीच्या किमतीच्या १४ टक्के रक्कम उत्पन्नात धरायचे, ४० ते ६९ मैल असेल तर ८ टक्के. म्हणजे रेंज कागदावर हवी, रस्त्यावर नसली तरी चालते! आमच्या ऑफिसातल्या एकाने तीन वर्षांनी लीजची गाडी परत केली तेव्हा चार्जिंगची केबल प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी. पेट्रोलचे पैसे कंपनी देते, घरची वीज कोण देणार?

युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये खऱ्या गाड्यांतून गोळा केलेला डेटा दिला त्यात प्लग-इनचा कार्बन प्रत्यक्षात प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघाला. त्यामुळे ओकट्रीकर, तुम्ही रोज प्लग लावता याच गोष्टीने तुम्ही अर्ध्या लोकांच्या पुढे आहात.

---

टेस्लाप्रेमी

बघा. मी हेच म्हणतोय.

---

हिशोबी

@टेस्लाप्रेमी अहो ज्याच्या घरी एकच गाडी आणि वर्षातून चारदा टोरंटोला बहिणीकडे जायचं असतं त्याला हे सोयीचं पडतं, आणि ३० सप्टेंबर २०२५ नंतर ईव्हीवरची साडेसात हजार डॉलरची करसवलत पण गेली. असो.

मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. रेंज वाढवून वाचतं किती? ईपीएप्रमाणे या गाडीला १०० मैलांना ३६ युनिट लागतात, चार्जिंगचा तोटा धरून. न्यू जर्सीत २० सेंटचं युनिट धरलं तर मैलाला ७.२ सेंट. गॅस गॅलनला ३.१० डॉलर धरला आणि गॅलनला ३८ मैलांचं ॲव्हरेज, तर मैलाला ८.२ सेंट. फरक १ सेंट! थंडीत रोज ८ मैल जास्त काढलेत तर ८ सेंट वाचले. महिन्याला दोन डॉलरही नाहीत. ओक ट्री रोडवर त्यात समोसापण येत नाही.

---

सॅनहोजेची_सुगरण

आमच्याकडे तर वीज रात्रीच्या स्वस्त दरातही ३० सेंटच्या वर. गॅस ४.८०. दोन्ही जवळजवळ सारखंच पडतं. मी तरी विजेवरच चालवते, इंजिनाचा आवाज नको, आणि मुलाला दमा आहे, गराजमध्ये धूर नको. सगळं पैशातच मोजायचं का?

अवांतर: आमचं घर टेकडीच्या टोकाला आहे. रात्री १०० टक्के चार्ज करून सकाळी निघालं की उतारावर बनणारी वीज ठेवायला जागाच नाही, बॅटरी भरलेली, मग गाडी इंजिन नुसतंच फिरवते ब्रेक म्हणून. हे कळायला मला सहा महिने लागले. आता थोडं कमीच चार्ज करून निघते, खाली पोचेपर्यंत भरते.

---

घाटवाला

वा! म्हणजे पाचगणीला हॉटेलात फुल चार्ज करून निघणारे येडे. (मी.)

---

बर्फाळ

@हिशोबी तुमचं गणित बरोबर आहे पण गणितापलीकडे एक मुद्दा आहे तो कुणी मांडला नाही. ओकट्रीकरांचा जायचा-यायचा प्रवास ६० मैल, बॅटरी उन्हाळ्यातही ६० पुरणार नाही. म्हणजे थंडीत ३० मैलांच्या आसपास इंजिन चालणारच. मग प्रश्न रेंज किती हा नाहीच, प्रश्न इंजिन *कधी* चालवायचं हा आहे. तुम्ही आता काय करता, सकाळी कडाक्याच्या थंडीत निघता, बॅटरी थंड, हीटर फुल, सगळी वीज हवा तापवण्यात घालवता, आणि दुपारी जरा ऊन असतं तेव्हा इंजिनावर येता. उलटं करा. सकाळी हायवेला लागलात की एचव्ही मोड (बॅटरी राखून इंजिनावर चालायचा) दाबा. इंजिन गरम झालं की त्याची वाया जाणारी उष्णता हीटरला फुकट, बॅटरीला हातच नाही. इंजिन एकदाच तापतं आणि ३० मैल सलग चालतं, तेही त्याला आवडतं. संध्याकाळी ईव्ही मोडवर घरी. दारात पोचाल तेव्हा बॅटरी शून्याच्या आसपास असली पाहिजे, ८ मैल शिल्लक घेऊन घरी आलात तर ते ८ मैल वाया.

---

व्होल्टबहाद्दर

दंडवत! मी व्होल्टला 'होल्ड' मोड लावून अगदी हेच करतो पण इतकं नीट सांगता आलं नसतं. उन्हाळ्यात मात्र उलट, गावातलं सगळं विजेवर, मधला हायवे इंजिनावर.

---

कोपऱ्यातला_मेकॅनिक

सहमत. आणि चार्जिंगची वेळ डिपार्चरला लावा. १२० व्होल्टवर या गाडीला रिकाम्यापासून १२ तास लागतात, तुम्ही सातला येऊन सातला निघत असाल तर तसंही जेमतेमच. पण सुट्टीच्या दिवशी संध्याकाळीच भरून रात्रभर थंड पडू देऊ नका, निघायच्या वेळेला चार्ज संपला की बॅटरी त्यातल्या त्यात उबदार असते. जमलं तर २४० व्होल्टचं घ्या, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीजही कमी होते.

---

ओकट्रीकर

दोन आठवड्यांनी येतोय, माफ करा, पण रिकाम्या हाताने नाही. पहिल्यांदा गुरुवारची अपॉइंटमेंट रद्द केली. क्रॉसबार काढले, तेरा मिनिटं लागली, वर्षभर कंटाळा केला होता. टायरमध्ये चारही चाकांना ५ पीएसआय कमी निघालं. सकाळी प्लगवरच गाडी गरम करतो, डीफ्रॉस्टच्या बटणावर बायकोने चिकटपट्टी लावलीये, त्यावर बॉलपेनने "फडकं घे" असं लिहिलंय.

सकाळी २८७ ला लागलो की एचव्ही, पार्सिपनीच्या एक्झिटला ईव्ही. ऑफिसच्या पार्किंगला पोचतो तेव्हा ३० च्या आसपास शिल्लक दिसतात. संध्याकाळी ६५ ला धरून उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या संगतीत येतो, सीट गरम, हवा बंद, जॅकेट घालून. सोमवारी घरापासून दीड मैलावर इंजिन लागलं. मंगळवारी अर्ध्या मैलावर, आमच्या कॉलनीच्या वळणावर, मी "नको नको" असं मोठ्याने ओरडलो. काल दारात १ मैल उरला होता. दिवसाचे विजेचे ३२-३३ होतायत, आधीच्या २६ ला.

@हिशोबी, हो, माहितीये, समोसा येत नाही.

---

शेंगदाणा

वहिनींचा आकडा किती?

---

ओकट्रीकर

४१.

---

व्होल्टबहाद्दर

अवांतर पण सावध करतो, वहिनींना फार महिने नुसती विजेवर चालवू देऊ नका. माझ्या व्होल्टमध्ये सहा आठवडे इंजिन सुरू झालं नाही तर गाडी स्वतःच विचारते, इंजिन फिरवू का म्हणून, आणि टाकीतलं पेट्रोल वर्षभर जुनं झालं की जबरदस्तीने जाळून संपवते. मागे एकदा पाच महिन्यांनी पंपावर गेलो. आपल्या न्यू जर्सीत स्वतः भरायची बंदी, पोरगा आला, फिल अप का विचारलं, मी बटण दाबलं, टाकीतलं प्रेशर सुटेपर्यंत झाकण उघडत नाही, तो बिचारा थंडीत नळी धरून उभा. मग म्हणाला सर बहुतेक दुसऱ्या बाजूला असेल. मी पण उतरून दुसऱ्या बाजूला बघायला गेलो.

---

रमाकाकू

ओकट्रीकर, फडकं मायक्रोफायबरचं घ्या. सुती नको, त्याचे धागे लागतात काचेला.